फणसाडच्या पाखरांचा जमाखर्च



अलिबागहून मुरुडकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता रेवदंड्याजवळ कुंडलिकेची खाडी ओलांडतो, कोर्लई व बोर्ली ही गावे मागे टाकतो आणि काशीदला येऊन पोहोचतो. येथे येणाऱ्या बहुतेकांची दृष्टी पश्चिमेकडे लागलेली असते. पांढरी वाळू, सुरूची बने, समोर अथांग दर्या, आणि सुटीचा दिवस असेल तर रस्त्याच्या कडेने वाहनांची लांबच लांब रांग. त्याच वेळी पाठीशी, पूर्वेला, जो हिरवा डोंगर उभा असतो त्याकडे वळून पाहणारा शंभरात एखादाच निघतो. त्या डोंगरात फणसाडचे अभयारण्य आहे. कोकणच्या किनाऱ्याला इतके लागून उभे असलेले आणि इतके जुने रान आता फारसे उरलेले नाही.

हे रान टिकले ते काही कोणा पक्षिप्रेमिकामुळे नव्हे. मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांची ही राखीव शिकारीची जागा होती. सर्वसामान्य रयतेला तेथे बंदूक घेऊन शिरण्यास मज्जाव होता, आणि या मज्जावाच्या आड झाडे वाढत राहिली. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झाले. पुढे १९८१ च्या आरंभी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले आणि १९८६ मध्ये शासनाने मुरुड व रोहा तालुक्यांतील पन्नास चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित केले. शिकारीसाठी राखलेली जागा अशा रीतीने संरक्षणासाठी राखली गेली. इतिहासात असे उलटे न्याय पुष्कळ सापडतात.

सुपेगाव हे या अभयारण्याचे प्रवेशद्वार. पहाटे, उजाडण्यापूर्वी, येथून पायवाटेला लागावे. आरंभी डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. अंजनी, ऐन, किंजळ, जांभूळ यांच्या दाट छायेत पाऊलवाट कशीबशी उमटते. मधूनच गारंबीचा अजस्र वेल एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेला दिसतो. त्याचे खोड एखाद्या वृक्षाएवढे जाड असते, तर शेंग हातभर लांबीची. अशा रानात पक्षी प्रथम कानांना भेटतो आणि मग, नशीब असेल तर, डोळ्यांना. कुटुर्ग्याची न थकणारी हाळी, तांबटाचे एका लयीत चाललेले ठोके, उंबरावर उतरलेल्या हरियालांची कुजबूज, उंच आभाळातून येणारी सर्पगरुडाची तीव्र शीळ. हरियाल हा आपल्या राज्याचा पक्षी असे मुले पाठ करतात. तो पिवळ्या पायांचा, हिरवट अंगाचा पारवा झाडावर बसला असता मात्र पाच हातांवरून ओळखू येत नाही. पानांत पान होऊन बसतो.

याच रानात भृंगराज आहे. काळा कुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकांना दोन पिसे, असे त्याचे रूप. पण त्याची खरी ख्याती आहे ती नकलेबद्दल. सर्पगरुडाची शीळ, हळद्याचा आलाप, शेकरूचा खेकसल्यासारखा आवाज, सारे तो हुबेहूब वठवतो. नवख्या निरीक्षकाच्या वहीत एकाच झाडावर पाच पक्ष्यांची नोंद व्हावी आणि प्रत्यक्षात तेथे भृंगराज एकटाच असावा, असे घडते. अनुभवी माणूस म्हणूनच दोन खुणांशिवाय नोंद करीत नाही: ऐकला तो पाहिला का, आणि पाहिला तो नीट पाहिला का. शंका असेल तर रकाना कोरा ठेवावा. कोऱ्या रकान्याने कोणाचे नुकसान होत नाही; चुकीच्या नोंदीने होते.

जुन्या रानाची एक खूण म्हणजे ढोली. धनेशाचे सारे गृहजीवन तिच्यावर अवलंबून असते. विणीच्या काळात मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट राहते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिलांना कित्येक आठवडे फळे व किडे भरवतो. या अवधीत नराचे बरेवाईट झाले तर आतले कुटुंबही धोक्यात येते, आणि ते झाड तोडले गेले तर त्या वर्षीची वीण संपली. दहा नवी रोपे लावून अशा एका झाडाची भरपाई होत नाही. ढोली धरायला झाडाला कित्येक दशके लागतात, आणि धनेशाला नवी रोपे काय कामाची?

चालता चालता रान एकदम संपते आणि समोर माळ उघडतो. गुण्याचा माळ हे त्यांपैकी प्रसिद्ध नाव. फणसाडचे वैशिष्ट्य पाहायचे तर ते येथे पाहावे. दाट छायेच्या मधोमध गवताचे हे मोकळे तुकडे आहेत. पावसाळ्यात ते ओलेचिंब होतात, सखल जागी पाणी साचते, बेडकांचा कल्लोळ सुरू होतो. पाऊस ओसरला की गवत कमरेपर्यंत येते आणि हिवाळ्यात पिवळे पडते. सांबर, भेकर रात्री येथे चरावयास उतरतात. पक्ष्यांची तर येथे वेगळीच वस्ती. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांत खडा वाटावा अशी अंडी घालते. लाव्हरी गवतात दडते. चंडोल गात गात उंच जातो. हिवाळ्यात गप्पीदास आणि खाटीक काट्याकुट्यांच्या शेंड्यांवर बसून किडे टिपतात, आणि कापशी घार एकाच जागी पंख फडफडवीत आभाळात थांबते व मग सरळ खाली येते. यांतील एकही पक्षी शंभर पावलांवरच्या दाट रानात राहू शकत नाही. जेथे रान आणि माळ एकमेकांना भिडतात तेथे दोन्हींकडचे पाहुणे जमतात. पक्षिनिरीक्षकाने बसावे ते त्या सीमेवर.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गवताळ माळाला आपल्या कागदपत्रांत मान नाही. गावच्या सातबाऱ्यावर अशी जमीन पोटखराब्यात जाते, बोलण्यात ती पडीक ठरते, आणि वृक्षारोपणाचे उद्दिष्ट गाठायचे झाले की प्रथम तिच्यावरच खड्डे खणले जातात. हेतू चांगलाच असतो. परंतु माळावर झाडे उभी केली म्हणजे रान वाढले असे होत नाही. माळ मात्र गेला, आणि त्याबरोबर टिटवी, चंडोल व लाव्हरी यांचे घर गेले. २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे. गवताळ व मोकळ्या प्रदेशांतील पक्ष्यांची घट त्यात ठळकपणे पुढे आली. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलकंठही घटणाऱ्यांच्या यादीत आहे. मोर मात्र वाढला आहे. हा अहवाल कोणा एका संस्थेच्या मूठभर शास्त्रज्ञांनी लिहिलेला नव्हे. त्यामागे तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी आहेत, आणि त्यांत शिक्षक, विद्यार्थी, कारकून, गृहिणी, निवृत्त नोकर असे सर्व प्रकारचे लोक आहेत.

माळ ओलांडून वाट पुन्हा सावलीत शिरते आणि गाणीकडे उतरते. गाण हा येथला शब्द. रानातल्या पाणवठ्याला स्थानिक लोक गाण म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण अशी त्यांची नावे आहेत आणि अभयारण्याला नाव मिळाले तेही फणसाडगाणीवरून. एप्रिल-मे महिन्यांत ओढे आटतात तेव्हा साऱ्या रानाचा कारभार या गाणींवर चालतो. तेथे बोलायचे नाही, हलायचे नाही, रंगीत कपडे घालायचे नाहीत. तासभर असे बसले की रान माणसाला विसरते. मग स्वर्गीय नर्तक येतो, आपली पांढरी फीत पाण्याला टेकवून क्षणात उडून जातो. रानकोंबडा बिचकत बिचकत पुढे सरकतो. शेकरू डोक्यावरच्या फांदीवर येऊन ओरडू लागते आणि सर्वांना पळवून लावते. तिच्यावर रागावून उपयोग नसतो.

पावसाची चाहूल लागताच रानात नवरंग येतो. हा पक्षी हिवाळा दक्षिण भारतात व श्रीलंकेत काढतो आणि विणीसाठी मे अखेर ते जूनच्या सुमारास कोकणात उतरतो. नावाप्रमाणे तो रंगांनी नटलेला असतो, परंतु जमिनीवर पालापाचोळ्यात वावरत असल्याने सहसा दिसत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन स्वरांची शीळ ऐकू येते, तीच त्याची ओळख. किनाऱ्याकडच्या गावांतून अनेक वृद्ध माणसे ही शीळ ऐकून पाऊस जवळ आला असे सांगतात. मात्र पहिली शीळ कोणत्या तारखेला ऐकू आली, हे दरवर्षी लिहून ठेवणारे घर सापडणे कठीण. वीस वर्षांच्या तारखा एका वहीत असत्या तर ऋतुमानात पडत असलेल्या फरकाविषयी त्या वहीने पुष्कळ सांगितले असते.

वहीचे सामर्थ्य किती असते याचा पुरावा शोधण्यासाठी रायगड जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. अलिबागजवळच्या किहीमला, काशीदच्या उत्तरेस याच किनाऱ्यावर, १९३० च्या पावसाळ्यात एक बेकार तरुण राहत होता. जर्मनीत पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन तो परतला होता, पण मुंबईत त्याच्यासाठी नोकरी उरली नव्हती. घराजवळच्या झाडावर सुगरणींनी घरटी बांधावयास घेतली होती. हा तरुण दिवसामागून दिवस त्यांच्याकडे पाहत बसला आणि जे दिसेल ते लिहीत गेला. तो तरुण म्हणजे डॉ. सालीम अली. १९३१ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि सुगरणीच्या संसाराची खरी रीत जगाला कळली. घरटे विणतो तो नर. अर्धे झाले की माद्या येतात, आत शिरून तपासणी करतात, पसंत पडले तर एखादी ते स्वीकारते. मग नर ते पुरे करतो आणि मादी अंड्यांवर बसली की शेजारी दुसरे घरटे विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी. मराठीने या पाखराला सुगरण हे नाव देऊन सारे श्रेय मादीला दिले होते. किहीमच्या वहीने कारागीर कोण ते दाखवले, आणि मादीकडे परीक्षकाचे काम असते हेही. यासाठी लागले ते एक झाड, एक पावसाळा आणि न कंटाळणारे डोळे.

याच्या उलट बाजूची कथा गिधाडांची आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कोणाही ग्रामस्थाला विचारावे: गावाबाहेर ढोर टाकले की आभाळातून गिधाडे उतरत, आणि पाहता पाहता हाडांचा सांगाडा उरे. इतकी ती नित्याची होती की त्यांना कोणी मोजत नसे. आणि मग १९९० नंतरच्या दशकात ती दिसेनाशी झाली. गावोगाव लोकांना काहीतरी कमी झाल्यासारखे वाटे, पण किती कमी झाले हे सांगता येत नव्हते, कारण पूर्वी किती होती हे कोठे लिहिलेले नव्हते. सुदैवाने राजस्थानात भरतपूरच्या राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांच्याजवळ १९८० च्या दशकातील मोजणी होती. तिच्याशी नवी मोजणी ताडून पाहिली तेव्हा घसरण आकड्यांत उभी राहिली. १९९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि शोध सुरू झाला. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे देशात १९९२ ते २००७ या काळात हजारातून जेमतेम एक या प्रमाणात उरली, असे पुढे दिसून आले.

कारण सापडले ते अनपेक्षित. गुराढोरांच्या वेदनेवर व सुजेवर डायक्लोफिनॅक हे औषध सर्रास दिले जात होते. औषध दिलेले जनावर थोड्याच दिवसांत मेले, तर त्याचा अंश मांसात राही. ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत आणि ते काही दिवसांत मरे. हा संबंध २००४ मध्ये सिद्ध झाला. २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी या औषधाचे उत्पादन थांबवले. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यापर्यंत पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या कुपीचा आकार एका मात्रेपुरता मर्यादित करण्यात आला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक या औषधांच्याही जनावरांसाठी होणाऱ्या वापरावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही आणि गुरांना गुणकारी आहे. ज्या पंचायतीच्या हद्दीत पशुवैद्यकीय दवाखाना आहे तिच्या सदस्यांनी एवढे एक नाव ध्यानात ठेवले तरी गिधाडांच्या दृष्टीने ते मोठे काम होईल.

रायगड जिल्ह्यात ही गिधाडे पुरती संपली नाहीत. म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या रानात आणि श्रीवर्धनकडच्या वाड्यांतील उंच माडांवर त्यांची घरटी राहिली. तेथील ग्रामस्थांनी, माडाखाली घाण पडते म्हणून त्रासलेल्या बागाइतदारांनीसुद्धा, त्यांना थारा दिला. फणसाडमध्ये वनखात्याने गिधाडांसाठी सुरक्षित मृत जनावरे ठेवण्याची जागा राखली, तीही याच प्रयत्नातील एक पायरी. गावात मेलेले ढोर पुरून टाकण्यापूर्वी त्याला अखेरच्या दिवसांत कोणते औषध दिले होते हे विचारले जावे आणि ते निर्धोक असेल तर वनखात्याला कळवले जावे, अशी साधी रीत त्यासाठी लागते. त्यात खर्च नाही, लक्ष मात्र हवे.

आता गावाच्या दफ्तराकडे वळू. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आहे, आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे मुख्य काम आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली होती. मुदत आली की घाई होते, आणि घाईत पक्ष्यांच्या पानावर कावळा, चिमणी, पोपट एवढे लिहून खाली सह्या होण्याचा मोह असतो. अशी नोंदवही कपाटात शोभते, पण प्रसंगाला उपयोगी पडत नाही. नोंदवही एकदा लिहून संपत नसते. जन्ममृत्यूच्या नोंदीप्रमाणे तिच्यात दरवर्षी भर पडावयास हवी.

भर कशी घालावी, यासाठी तज्ज्ञ बोलावण्याची गरज नाही. शाळेतील सातवी-आठवीची मुले आणि एक उत्साही शिक्षक पुरेसे आहेत. एक ठरावीक वाट निवडावी. गावातून निघून खाचराच्या बांधाने माळापर्यंत जाणारी, दोन किलोमीटरांपेक्षा लांब नको. महिन्यातून एकदा, सकाळी त्याच वेळी, त्याच वाटेने जावे. तारीख, वेळ, आभाळ, पक्ष्याचे नाव आणि संख्या लिहावी. संख्या महत्त्वाची. ‘बगळे पुष्कळ’ या नोंदीचा दहा वर्षांनी काही अर्थ राहत नाही. ‘गायबगळे ३१’ या नोंदीचा राहतो. एखाद्या पक्ष्याचे पुस्तकी नाव ठाऊक नसेल तर गावचे नाव लिहावे. ठाकर व कातकरी वस्त्यांतील जाणत्यांना पक्ष्यांची आणि त्यांच्या सवयींची जी माहिती असते ती पुष्कळदा छापील पुस्तकांत सापडत नाही, आणि त्यांचे नाव नोंदीखाली आदराने यावे. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत राहून आयुष्यभर रानातल्या माणसांकडून शब्द वेचीत राहिले. पक्ष्यांची नावे मराठीत कोशरूपाने उभी राहिली ती त्या वेचणीतून. जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावयाचे. विणीच्या काळात घरट्याजवळ घोळका नेऊ नये, अंडी हाताळू नयेत, छायाचित्रासाठी फांद्या बाजूला करू नयेत, आणि दूरध्वनी संचावर पक्ष्याची शीळ वाजवून त्याला बाहेर बोलावू नये. आपल्या हद्दीत दुसरा नर आला अशा समजुतीने तो पक्षी पिलांना सोडून धावत येतो. अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये आणि सोबत स्थानिक वाटाड्या असावा. त्याचा रोजगार हाही या वाटेच्या हिशेबात धरण्याजोगा जमेचा भाग आहे.

अशा नोंदींची किंमत ३ जून २०२० रोजी या किनाऱ्याला कळली. त्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. वारा ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने वाहत होता. घरांची छपरे गेली, माड-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या, सुरूची झाडे मोडून पडली, आणि फणसाडच्या रानातही जुने वृक्ष उन्मळले. बागाइतदाराच्या नुकसानीचा पंचनामा होऊ शकला, कारण त्याच्या बागेत किती माड होते हे कागदावर होते. रानाचा पंचनामा करावयाचा तर कोणत्या झाडात ढोली होती, कोणत्या उंबरावर हरियाल उतरत, कोणत्या फांदीवर सर्पगरुडाचे घरटे होते, हे आधी कोणीतरी लिहिलेले असावे लागते. वादळानंतर जेथे छत्र फाटले तेथे ऊन जमिनीपर्यंत पोहोचले. अशा जागी झुडपे आणि वेल माजतात, आणि सावलीतले पक्षी हटून उजेडातले येतात. हा बदल कित्येक वर्षे चालतो. तो टिपणारा गावातच असेल तर सर्वांत उत्तम, कारण बाहेरचा अभ्यासक वर्षातून दोनदा येतो आणि गाव तेथे बारा महिने असते.

२०२० पासून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. पाच तारीख चितमपल्लींच्या जन्मदिनाची आणि बारा तारीख सालीम अलींच्या. शाळांतून भित्तिपत्रके लागतात, व्याख्याने होतात, फेऱ्या निघतात. हिवाळी पाहुण्यांची मोजणी सुरू करण्यास तो काळ योग्यच आहे. परंतु काशीद-सुपेगावच्या मुलांना नवरंगाची पहिली शीळ वहीत लिहावयाची असेल, तर ते पान शाळा भरण्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीसच उघडून ठेवावे लागेल. नोव्हेंबरात तो पक्षी दक्षिणेत, कदाचित श्रीलंकेतल्या एखाद्या बागेत, पाचोळा उलटत असतो.